ॲनालॉग ॲक्सेलरोमीटर मॉड्युल मशीनवर बसवताना: आधी काय, नंतर काय आणि चूक कुठे होते

कंपन मोजणाऱ्या ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) मॉड्युलचा आकडा पटत नाही म्हणून ते बदललं जातं, नवीन मॉड्युलही तोच आकडा दाखवतं, आणि मग दोष मशीनला दिला जातो. बहुतेक वेळा चूक या दोघांचीही नसते. मॉड्युलच्या तळाखाली रंगाचा थर राहिलेला असतो, केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते, किंवा ज्या इनपुट कार्डावर (व्होल्टेजचे आकडे करणारं कार्ड) सिग्नल घेतलाय त्या कार्डाला तो नीट दिसतच नसतो. हे सगळं टाळता येतं, फक्त कामाचा क्रम पाळावा लागतो.

इथे धरलेलं मॉड्युल असं: धातूच्या सीलबंद डबीतलं, एका अक्षाचं, आत मेम्स चिप (सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म सेन्सर), २४ व्होल्ट डीसी पुरवठा, आउटपुट ०.५ ते ४.५ व्होल्ट, शून्य २.५ व्होल्टवर, संवेदनशीलता ४० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण), पल्ला ±५० जी. तुमच्या मॉड्युलचे आकडे वेगळे असतील. ते डेटाशीटमधून घ्या, रीत हीच.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. दोन तारांचा पिझो सेन्सर, ज्याला स्थिर करंटचा पुरवठा लागतो, ही वेगळी वस्तू आहे. तो स्थिर त्वरण मोजत नाही, त्यामुळे खालची उलटसुलट चाचणी त्याला लागू होत नाही. या दोघांच्या तारा एकमेकांच्या जागी जोडू नका.

## टप्पा १: आधी हिशेब, मग खरेदी

मशीनचा वेग, अपेक्षित कंपन, सर्वांत वरची वारंवारता आणि सिग्नल कुठल्या कार्डावर जाणार, या चार गोष्टी कागदावर लिहा. चौथी गोष्ट जवळजवळ नेहमी राहून जाते.

एक हिशेब करून बघू. मोटर १५०० आरपीएम, म्हणजे २५ हर्ट्झ. कंपन ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएस (लहरीची वर्गांवरून काढलेली सरासरी), म्हणजे शिखर ६.३६. याला २ × ३.१४ × २५ ने गुणलं की त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे ०.१ जी. आपल्या मॉड्युलवर हे झाले ४ मिलिव्होल्ट, वरच्या शिखरापासून खालच्या शिखरापर्यंत ८. आता कार्ड ० ते १० व्होल्टचं, १२ बिटचं (म्हणजे ४०९६ पायऱ्यांचं) असेल तर त्याची एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची. म्हणजे मोटरचं सगळं कंपन त्या कार्डावर जेमतेम तीन पायऱ्यांत मावलं! त्या तीन पायऱ्यांवरून आलेख काढला तरी त्यातून काही कळणार नाही.

उपाय दोन. एक, कार्ड १६ बिटचं घ्या, मग तेच कंपन पन्नासेक पायऱ्यांत दिसेल. दोन, पल्ला कमी करा: ±१० जीचं, २०० मिलिव्होल्ट प्रति जीचं मॉड्युल घेतलं की सिग्नल पाचपट होतो.

पण पल्ला कमी करताना उलट बाजूही बघावी लागते. तेच ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद कंपन ५००० हर्ट्झवर असेल, तर त्वरण २० जी होतं. गिअरबॉक्स, वाफेचे बुडबुडे फुटत असलेला पंप किंवा खराब झालेलं बेअरिंग इतक्या वरच्या वारंवारतेवर भरपूर मारा करतं. ±१० जीचं मॉड्युल तिथे छताला टेकतं, म्हणजे आउटपुट पल्ल्याच्या टोकाला अडकतं. छताला टेकलेला सिग्नल कमी वारंवारतेवर खोटं कंपन दाखवतो, आणि तुम्ही असंतुलन शोधत बसता. म्हणून साध्या मोटर-पंख्याला कमी पल्ला, गिअरबॉक्सला मोठा पल्ला आणि जास्त बिटांचं कार्ड.

सावधान: पीएलसीच्या (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) साध्या ॲनालॉग इनपुटला कच्चा कंपन-सिग्नल देऊ नका. ते कार्ड काही मिलिसेकंदांतून एकदा बघतं आणि वर स्वतःचा फिल्टर लावतं. पीएलसीवर फक्त अलार्मपुरता आकडा हवा असेल, तर आतच आरएमएस काढून ४ ते २० मिलिअँपिअर देणारं मॉड्युल घ्या. लहर हवी असेल तर वेगवान कार्ड लागेल.

## टप्पा २: टेबलावरची उलटसुलट चाचणी

मॉड्युल मशीनवर नेण्याआधी टेबलावर तपासा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं.

लागणारं सामान: २४ व्होल्टचा स्वच्छ पुरवठा, १ मिलिव्होल्ट किंवा त्याहून बारीक दाखवणारा मल्टिमीटर, सपाट लोखंडी ठोकळा, गुण्या आणि स्पिरिट लेव्हल. मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजला लावून शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा येत असेल तर तो इथे निरुपयोगी आहे, कारण सगळी चाचणीच ८० मिलिव्होल्टांची आहे.

१. पुरवठा द्या आणि दहा-पंधरा मिनिटं मॉड्युल तसंच ठेवा. हातात धरून मोजू नका, हाताच्या उबेने शून्य सरकतं.

२. डबीवरचा बाण (मोजणीच्या अक्षाची दिशा) वर करून ठेवा. उदाहरणादाखल २.५४० व्होल्ट.

३. बाण खाली करून ठेवा. उदाहरणादाखल २.४६० व्होल्ट.

४. दोन्हींची सरासरी म्हणजे शून्य: २.५०० व्होल्ट. दोन्हींच्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे संवेदनशीलता: ४० मिलिव्होल्ट प्रति जी.

५. बाण आडवा करून पाहा. आकडा शून्याच्या आसपास यावा.

पाचव्या पायरीचा आकडा हिशेबात घेऊ नका, तो फक्त खात्रीसाठी आहे. कारण बाण उभा असताना ५ अंशांचा कल असला तरी चूक ०.४ टक्केच होते, पण आडव्या स्थितीत तोच ५ अंशांचा कल ०.०८७ जी, म्हणजे साडेतीन मिलिव्होल्टचा फरक पाडतो. ज्यांची चाचणी जमत नाही त्यांनी बहुधा आडव्या स्थितीलाच शून्य मानलेलं असतं.

६. आता पुरवठा २४ वरून २० व्होल्टवर आणा, डेटाशीटमध्ये तेवढी मुभा असेल तरच. आउटपुट जागचं हलता कामा नये. हललं तर मॉड्युलमध्ये आतला रेग्युलेटर नाही आणि आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतंय. अशा मॉड्युलला स्थिर पुरवठा द्यावा लागेल, किंवा पुरवठ्याचं व्होल्टेजही सोबत मोजावं लागेल.

७. पुरवठा काढा. डबीचा धातू आणि ० व्होल्टची तार यांमधला रोध मल्टिमीटरने बघा. मेगओहममध्ये आला तर डबी वेगळी आहे. काही ओहमच आला तर डबी आणि ० व्होल्ट आत जोडलेले आहेत. हे लिहून ठेवा, टप्पा ५ मध्ये लागेल.

सावधान: सातव्या पायरीसाठी ५०० व्होल्टचा मेगर (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका. मॉड्युलच्या आतला भाग त्यासाठी बनवलेला नाही.

सावधान: मॉड्युल काँक्रीटच्या फरशीवर पडलं तर तो आघात हजारो जीचा असू शकतो. बाहेरून डबीला ओरखडाही नसतो. पडलेलं मॉड्युल या चाचणीतून पुन्हा गेल्याशिवाय वापरू नका.

## टप्पा ३: जागा आणि पृष्ठभाग

कंपन बेअरिंगमधून बाहेर येतं, म्हणून मॉड्युल बेअरिंग हाउसिंगच्या जाड, भरीव भागावर हवं. पंख्याचं पत्र्याचं कव्हर, बेल्टचं गार्ड, मोटरच्या बॉडीवरच्या थंडाव्याच्या पट्ट्या (फिन), टर्मिनल बॉक्स या जागा बाद. तिथे पत्र्याचं स्वतःचं थरथरणं मोजलं जातं.

१. मशीन थांबवा, पुरवठा तोडा, कुलूप आणि टॅग लावा.

२. रंग, गंज, ग्रीस पूर्ण काढा. डबीच्या तळापेक्षा थोडी मोठी चकती घासून धातू उघडा करा.

३. शक्य असेल तर स्पॉट फेसिंग करा, म्हणजे कटरने तेवढीच गोल जागा सपाट कापा. पृष्ठभाग सपाट हवा आणि खडबडीतपणा साधारण १.६ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. नुसत्या ग्राइंडरने घासलेला पृष्ठभाग डोळ्याला सपाट वाटतो, पण मधे फुगलेला असतो. त्यावर सरळ पट्टी धरा आणि मागून टॉर्च मारा. कडेने उजेड दिसला तर डबी त्या फुगवट्यावर डुलणार.

४. स्टडचं (डबी धरणारा आट्यांचा दांडा) भोक पृष्ठभागाला काटकोनात घ्या. एम६ साठी ५ मिलिमीटरचं ड्रिल, मग टॅपने आटे पाडा.

५. भोक स्टडच्या लांबीपेक्षा खोल हवं. ही चूक फार होते आणि दिसत नाही: स्टड तळाला टेकतो, टॉर्क रेंच टक्क करतो, सगळ्यांना वाटतं घट्ट बसलं, आणि डबी मात्र पृष्ठभागापासून केसभर वर तरंगत असते.

सावधान: ज्वालारोधक मोटरच्या बॉडीला भोक पाडू नका, तिचं प्रमाणपत्र तिथेच संपतं. इतर हाउसिंगलाही ड्रॉइंग न बघता ड्रिल लावू नका. भिंत किती जाड आहे आणि मागे तेलाची वाट आहे का, हे आधी कळायला हवं. शंका असेल तर चिकटवायचा पॅड वापरा.

## टप्पा ४: बसवणं

पद्धतीप्रमाणे वरची मर्यादा ठरते. चांगल्या पृष्ठभागावर स्टड असेल तर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत आकडा विश्वासाचा, आणि शेवटची मर्यादा मॉड्युलचीच. चुंबक साधारण २००० हर्ट्झपर्यंत. हाताने टेकवून धरलेला सेन्सर काहीशे हर्ट्झच्या पुढे बघायचाच नाही. आयएसओ ५३४८ हे मानक याच विषयावर आहे.

१. दोन्ही पृष्ठभाग पुसा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. काम फक्त खाचा भरण्याचं, म्हणून बोटाने पुसून उरेल तेवढंच.

२. आधी हाताने फिरवा. डबी शेवटपर्यंत हाताने गेली पाहिजे. मधेच अडली तर आटे खराब आहेत किंवा भोक तिरकं आहे.

३. टॉर्क रेंचने डेटाशीटमधल्या आकड्यापर्यंत आवळा. पाव इंच, २८ आट्यांच्या स्टडला हा आकडा सहसा ३ ते ६ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पान्याने ‘अंदाजे घट्ट’ केलेली डबी तळातून वाकते, आणि तो ताण शून्य सरकवतो.

४. चिकटवायचं असेल तर दोन भागांचं कडक एपॉक्सी, थर शक्य तितका पातळ. जाड थर म्हणजे मधे ठेवलेली स्प्रिंग. काढताना हातोडी नाही, षटकोनावर पाना लावून पिळायचं.

५. चुंबक असेल तर तो सरळ चिकटू देऊ नका. एक कड टेकवा आणि हळूच लोळवत बसवा. सुटलेला चुंबक ‘टक्क’ करून चिकटतो तो आघात मशीनच्या कंपनाच्या कितीतरी पट असतो.

ब्रॅकेटबद्दल थोडं सविस्तर. फ्लँजच्या डबीला सरळ जागा मिळाली नाही की पत्र्याचा एल आकाराचा ब्रॅकेट बनवला जातो. तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा, तळहाताएवढा ब्रॅकेट आणि त्याच्या टोकावर डबी, म्हणजे झाला टाळ. त्याची नैसर्गिक वारंवारता काहीशे हर्ट्झमध्ये येते, नेमकी तुमच्या मोजणीच्या मधोमध. ब्रॅकेटऐवजी भरीव लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्या, उंची रुंदीपेक्षा कमी ठेवा, आणि तीन अक्षांसाठी तीन मॉड्युलं त्याच्याच बाजूंवर बसवा.

तपासा: डबी बोटांनी जोरात हलवून बघा. नखाएवढीही हालचाल नको. बाणाची दिशा आणि मशीनवरची जागा मार्करने लिहून फोटो काढा.

## टप्पा ५: केबल, शील्ड, ० व्होल्ट

पिळलेल्या जोड्यांची, शील्ड असलेली केबल घ्या. एम१२ कनेक्टरच्या तयार केबलमध्ये साधारणपणे १ तपकिरी म्हणजे पुरवठ्याचा धन, ३ निळी म्हणजे ० व्होल्ट. २ पांढरी आणि ४ काळी यांत सिग्नल कुठला, हे मात्र उत्पादकाप्रमाणे बदलतं. रंगावर विश्वास ठेवून जोडू नका.

आता तीन तारांच्या जोडणीतली सर्वांत फसवी चूक. मॉड्युल १० मिलिअँपिअर घेतंय, केबल ५० मीटर, तार ०.२५ चौरस मिलिमीटरची. एका तारेचा रोध साडेतीन ओहम. ० व्होल्टच्या तारेतून मॉड्युलचा करंट परत येतो, म्हणून त्या तारेवर ३५ मिलिव्होल्ट पडतात. सिग्नल पॅनेलच्या ० व्होल्टच्या सापेक्ष मोजला, तर हे ३५ मिलिव्होल्ट त्यात मिसळतात, म्हणजे जवळपास ०.९ जीचा खोटा शून्य. टेबलावर एक मीटर केबलने बरोबर आलेला आकडा मशीनवर बिघडतो तो असा. उपाय सोपा: मॉड्युलच्या ० व्होल्टपासून चौथी तार घ्या, तिच्यातून पुरवठ्याचा करंट जाऊ देऊ नका, आणि सिग्नल व ही तार डिफरन्शियल इनपुटच्या (दोन तारांमधला फरक मोजणारं इनपुट) दोन टोकांना जोडा.

शील्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करा. मॉड्युलकडचं टोक कापून स्लीव्हने झाका. तयार एम१२ केबलची शील्ड काही वेळा कनेक्टरच्या धातूच्या नटला जोडलेली असते, म्हणजे ती डबीमार्फत मशीनला आपोआप अर्थ होते. मग पॅनेलकडे ती सोडून द्या. टप्पा २ मध्ये डबी आणि ० व्होल्ट जोडलेले निघाले असतील, तर मॉड्युल आणि मशीन यांच्यामध्ये इन्सुलेटिंग पॅड लागेल, नाहीतर पुरवठा आणि इनपुट दोन्ही जमिनीपासून वेगळे हवेत.

केबल नेताना:

- व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ते मोटर या केबलपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.
- पहिला क्लॅम्प सेन्सरजवळ, आणि सेन्सर ज्या भागावर आहे त्याच भागावर. लोंबती केबल फटके मारते आणि ते फटके कमी वारंवारतेवर दिसतात.
- कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून गळेल. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. प्रेशर जेटने धुण्याची हमी त्यात नाही.

चिपचं आउटपुट बफरशिवाय बाहेर काढलेलं मॉड्युल असेल तर लांब केबल विसरा. आउटपुटचा रोध ३२ किलोओहम, केबलची धारिता १०० पिकोफॅरड प्रति मीटर, लांबी ३० मीटर: नुसती केबलच १६५० हर्ट्झच्या आसपासचा फिल्टर बनते. वरचं सगळं ती गिळते आणि कुठेही दोष दिसत नाही.

## टप्पा ६: फिल्टर आणि सॅम्पलिंग

सेकंदाला १००० नमुने घेतले आणि मशीनमध्ये ९८० हर्ट्झचं कंपन असलं, तर आलेखात ते २० हर्ट्झवर दिसतं. एकदा नमुना घेतल्यावर खरं-खोटं वेगळं करता येत नाही, म्हणून फिल्टर कार्डाच्या आधीच हवा, सॉफ्टवेअरमधला चालत नाही.

१.६ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांचा साधा आरसी फिल्टर १००० हर्ट्झच्या जवळ कापतो. दोन गोष्टी विसरू नका. कापण्याच्या बिंदूवरच सिग्नल ३० टक्के कमी झालेला असतो. आणि हा फिल्टर हळू उतरतो, ९००० हर्ट्झवरही जेमतेम नऊपट कमी करतो. तेव्हा साधा आरसी असेल तर सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेले नमुने) भरपूर जास्त ठेवा, वरच्या वारंवारतेच्या किमान दहापट. कार्डात आतच उभा उतरणारा फिल्टर असेल तर नेहमीचं २.५६ पट पुरतं. कार्डाचा इनपुट रोध १०० किलोओहम असेल तर १.६ किलोओहममुळे दीड टक्का सिग्नलही जातो, तो हिशेबात धरा.

त्वरणापासून वेग काढायचा असेल तर आधी डीसी आणि मंद भाग कापा, मगच इंटिग्रेट करा (त्वरणाची काळाबरोबर बेरीज करत वेग काढा). अक्ष उभा असेल तर मेम्स मॉड्युलच्या आउटपुटमध्ये गुरुत्वाचा १ जी कायम असतो. तो तसाच इंटिग्रेट झाला की वेगाची रेघ आभाळाकडे जाते. साधारण मशीनला खालची हद्द १० हर्ट्झ, ६०० आरपीएमपेक्षा मंद असेल तर २ हर्ट्झ.

## टप्पा ७: चालू करण्याआधी आणि नंतर

१. मशीन बंद, मॉड्युल चालू: सरासरी व्होल्टेज मोजा. उभ्या अक्षाला टेबलावरचं २.५४०, आडव्याला २.५०० च्या जवळ. बराच फरक असेल तर पुढे जाऊ नका. तारा, टॉर्क, ० व्होल्ट पुन्हा बघा.

२. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हाउसिंगवर, डबीवर नव्हे, हलकी टिचकी मारा. लहर शून्याच्या दोन्ही बाजूंना उसळून विरली पाहिजे. एकाच बाजूला गेली तर आउटपुट कुठेतरी छताला टेकतंय.

३. शेजारची मशीनं आणि व्हीएफडी चालू, आपलं मशीन बंद. आता जे दिसतं तो सिग्नलमधला गोंगाट (नॉइज). ५० किंवा ६० हर्ट्झवर टोक असेल तर अर्थ लूप (दोन ठिकाणी अर्थ झाल्याने बनलेला करंटचा फेरा) शोधा.

४. मशीन चालवा. फिरण्याच्या वारंवारतेवर टोक दिसलं पाहिजे. २९८० आरपीएमच्या मोटरचं टोक ४९.६७ हर्ट्झवर येतं, विजेच्या ५० च्या अगदी कुशीत. दोन्ही वेगळी दिसायला किमान दहा सेकंदांची नोंद घ्या.

५. मशीन बंद करून थांबताना नोंद चालू ठेवा. कंपनाचं टोक वेगासोबत खाली सरकतं. जागच्या जागी राहिलेलं किंवा क्षणात गायब झालेलं टोक विजेचं.

वेगाच्या आलेखात डाव्या कडेला घसरगुंडीसारखा उंचवटा दिसला तर सैल बसवण, छताला टेकलेला सिग्नल किंवा पुरवठा दिल्यावर न थांबता घेतलेली नोंद, या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. उंचवटा मशीन तापल्यावरच येत असेल तर बहुधा एपॉक्सी मऊ पडलंय.

मशीन दोन-चार वेळा तापून गार झालं की स्टडचा टॉर्क पुन्हा बघा. मॉड्युल कुठल्याही कारणाने काढलं तर टप्पा २ पुन्हा करा आणि आधीच्या शून्याशी व संवेदनशीलतेशी ताडून पाहा. शून्य थोडं सरकलं असेल तर नवीन आकडा नोंदवून चालेल. संवेदनशीलता आधीच्या आकड्यापेक्षा मल्टिमीटरच्या चुकीहून जास्त बदलली असेल, तर ते मॉड्युल मशीनवर परत जाता कामा नये. १ मिलिव्होल्टपर्यंत वाचणाऱ्या मीटरवर एक-सव्वा टक्क्याचा फरक मीटरचाच असू शकतो.